संकासुर, तात्या विंचू आणि भयाचें दुसरें दर्शन

फाल्गुनांत रत्नागिरीच्या आसपासच्या गांवांतून ग्रामदेवतेची पालखी निघते, नमन-खेळ्यांचा मृदंग घुमूं लागतो, आणि त्या गजरांतच केव्हां तरी संकासुर अवतरतो. अंगावर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळता मुखवटा आणि कमरेला घुंगरें. त्याची चाहूल लागतांच लहान मूल आईच्या पदरांत तोंड लपवितें. त्याच अंगणांत बसलेला आजा मात्र मनमुराद हसत असतो. सोंग एकच, क्षणही एकच. परंतु एकाच घरांतील दोन माणसांवर त्याचा परिणाम असा परस्परविरुद्ध होतो! हास्य आणि भय यांचा संसार एकत्र कसा चालतो, हें पाहावयाचें असेल तर कोकणांतील या अंगणाइतकी सोयीची जागा दुसरी सांपडणें कठीण.

हा प्रश्न केवळ लोककलेच्या अभ्यासकांपुरता राहिलेला नाहीं. भीति आणि विनोद यांची सांगड घालणारे चित्रपट आज घरोघर आवडीनें पाहिले जातात. असा एखादा चित्रपट लोकांस रुचला, कीं त्याचा दुसरा भाग निघतो. आणि अनुभव असा, कीं पहिल्या भागांत सांभाळलेला तोल बहुधा या दुसऱ्या भागांतच ढळतो. तो कां ढळतो आणि कोणत्या उपायांनीं सांवरतां येतो, याचा विचार मनोरंजक आहे आणि उपयुक्तही आहे.

संकासुर हें मूळचें शंखासुराचें सोंग. वेद चोरून समुद्रांत दडणारा आणि मत्स्यावतारी विष्णूच्या हातून मरण पावणारा तो हा दैत्य. १९८१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गांत, दशावताराच्या खेळांत, हाच दैत्य मालवणी बोलींत थट्टामस्करी करीत रंगभूमीवर येतो. वेद चोरणें आणि गांवाला हसविणें, हीं दोन्ही कामें लोकांनीं एकाच पात्राकडे सोंपविलीं. त्यांत कांहीं विसंगति आहे असें त्यांस कधीं वाटलें नाहीं.

पंडितांस मात्र ती वाटली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले आहेत. त्यांपैकीं हास्याची उत्पत्ति शृंगारापासून आणि भयानकाची बीभत्सापासून होते, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे दोघांचीं कुळेंच निराळीं. पुढें चौदाव्या शतकांत विश्वनाथानें साहित्यदर्पणांत रसांचीं परस्पर वैरें सांगतांना हास्याचे वैरी म्हणून भयानक आणि करुण यांचीं नांवें स्पष्टपणें घेतलीं. कारण उघड आहे. हसणारा मनुष्य सैल होतो, भ्यालेला आंखडतो. हसण्यासाठीं धोक्यापासून चार पावलें दूर असावें लागतें. भिण्यासाठीं तोच धोका जवळ यावा लागतो. एकाच मनानें एकाच वेळीं दूर आणि जवळ कसें असावें?

तथापि वैर आहे म्हणून दोघांनीं एका घरांत राहूंच नये, असा निवाडा शास्त्रानें दिलेला नाहीं. नवव्या शतकांतील काश्मीरचे आचार्य आनंदवर्धन यांनीं ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतांत विरोधी रसांच्या समेटाचे मार्ग दाखविले आहेत. पहिला मार्ग, दोन रसांचे आश्रय वेगळे करावे. शौर्य नायकाच्या ठिकाणीं असेल, तर भय त्याच्या शत्रूच्या ठिकाणीं ठेवावें; म्हणजे एकानें दुसऱ्याचा घात न होतां उलट त्याला उठाव येतो. दुसरा मार्ग, दोघांच्या मध्यें तिसरा रस घालावा. नागानंद नाटकांत शांत आणि शृंगार यांच्यामध्यें अद्भुत रस घातला आहे, हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. तिसरा मार्ग, एकाला मुख्य करून दुसऱ्याला त्याचें अंग करावें. दोघांनाही घरचें यजमानपण देऊं नये.

चित्रपटाचा शोध लागण्याच्या हजार वर्षें आधीं सांगितलेले हे तीन नियम चित्रपटासही कसे लागू पडतात, याचें उत्तम उदाहरण मराठींतच आहे. महेश कोठारे यांनीं १९९३ सालीं 'झपाटलेला' आणि त्यानंतर वीस वर्षांनीं, २०१३ सालीं, 'झपाटलेला २' हा चित्रपट दिग्दर्शित केला. दोहोंचा खलनायक एक बाहुला आहे. त्याचें नांव तात्या विंचू. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं तो लहानपणीं पाहिला असेल, त्यांस त्या रात्रीं खुंटीवर टांगलेली टोपीदेखील संशयास्पद वाटल्याचें आठवत असेल.

बाहुल्याचीच निवड कां झाली, हें समजण्यासाठीं शब्दभ्रमाच्या कलेकडे पाहावें लागतें. शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांनीं अर्धवटराव हा बोलका बाहुला महाराष्ट्राच्या परिचयाचा केला, आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनीं तो वारसा पुढें चालविला. या खेळांतील खरी गंमत कशांत असते? बाहुला धन्याचें ऐकत नाहीं, यांत. धनी सभ्यपणें बोलूं पाहतो, आणि मांडीवरचा बाहुला मध्येंच तोंड घालून त्याची फजिती करतो. दोन्ही आवाज एकाच गळ्यांतून येत आहेत, हें प्रेक्षकांस पक्कें ठाऊक असतें. म्हणूनच बाहुल्याच्या या बंडाचें हसूं येतें. आतां अशी कल्पना करावी, कीं धनी खोलीबाहेर गेला आहे, दिवा मालवला आहे, आणि खुर्चीवर ठेवलेल्या बाहुल्यानें हळूच मान वळविली. घडलें तेंच: लांकडाला स्वतःचें मन फुटलें. उजेडांत ज्या गोष्टीची थट्टा होती, तिचीच अंधारांत भीति झाली. हास्य आणि भय येथें एकाच मुळावर वाढलेल्या दोन फांद्या आहेत; आणि ज्या कथेंत असें एकच मूळ सांपडतें, तिच्यांत विनोद बाहेरून आणून चिकटवावा लागत नाहीं.

'झपाटलेला'चें कथानक थोडक्यांत असें. तात्या विंचू हा कुख्यात गुन्हेगार पोलिसांच्या गोळीनें मरणाच्या दारीं पोहोंचतो, आणि बाबा चमत्काराकडून मिळविलेल्या मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यांत घालतो. पुन्हां मनुष्यदेह मिळवावयाचा तर ज्याला आपलें गुपित प्रथम कळविलें, त्याच्याच देहांत त्याला शिरलें पाहिजे. तो मनुष्य म्हणजे भोळा, भित्रा लक्ष्या. बाहुला घडविला आणि हालविला रामदास पाध्ये यांनीं, त्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकर यांनीं, आणि लक्ष्या झाले लक्ष्मीकांत बेर्डे.

या कथेचा सांगाडा १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाचा आहे. परंतु मराठी चित्रपटानें त्यांत एक फरक केला, आणि सगळा तोल त्या एका फरकावर उभा आहे. अमेरिकन कथेंत चकी नांवाचा तो बाहुला अँडी या लहान मुलाच्या हातीं पडतो. घाबरलेल्या बालकास पाहून कोणी हसत नाहीं; म्हणून तो चित्रपट भयाचाच राहतो. मराठींत त्या बालकाच्या जागीं मिशा फुटलेला एक प्रौढ मनुष्य आला. त्याचें किंचाळणें, त्याची बोबडी वळणें, "बाहुला बोलतो" असें तो जीव तोडून सांगत असतां लोकांनीं त्याला वेड्यांत काढणें, हें सारें पाहून हसूं आवरत नाहीं. भीति बाहुल्याच्या ठिकाणीं राहिली, हास्य लक्ष्याच्या ठिकाणीं गेलें. आनंदवर्धनांचा पहिला नियम येथें अक्षरशः पाळला गेला.

यांत एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. लक्ष्या हास्यास्पद वाटतो, पण त्याची भीति खोटी नाहीं. तो खराच मरणाच्या दारांत उभा आहे. बाहुलाही लोकांस हसविण्यासाठीं आलेला नाहीं. त्याला देह हवा आहे, आणि त्यासाठीं तो कोणाचाही जीव घेईल. दोघेही आपापल्या जागीं गंभीर असतात. हसतो तो प्रेक्षक. ज्या क्षणीं पात्रें स्वतःच आपल्या संकटाची गंमत मानूं लागतात, त्या क्षणीं संकट संपतें, आणि त्याच्यामागोमाग हास्यही ओसरतें.

दुसरा नियमही येथें दिसतो. खुनी आणि भित्रा यांच्यामध्यें बाबा चमत्कार आणि त्याचा मंत्र उभा आहे. तो अद्भुताचा भाग. त्यामुळें रक्तपातावरून थट्टेकडे जातांना प्रेक्षकाच्या मनाला हिसका बसत नाहीं. जादूच्या ओट्यावर क्षणभर टेकून तें पुढें जातें. तिसऱ्या नियमाप्रमाणें यजमानपण हास्याकडे आहे. सहकुटुंब पाहावयाच्या या चित्रपटांत भय हें अंग आहे. पण तें मिठासारखें अंग आहे. ताटांत तें सर्वांत थोडें असतें, तरी वगळलें तर सारा स्वयंपाक फुकट जातो.

पहिल्या भागाची गोष्ट अशी सुरळीत. दुसऱ्या भागाची अडचण कोठून येते? भयाचा अर्धा जीव अज्ञानांत असतो. दाराआड काय आहे हें ठाऊक नसतें, तोंवरच दार भयंकर. पहिल्या चित्रपटांत बाहुला जिवंत आहे ही वार्ता पडद्यावर थोड्यांनाच ठाऊक असते. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळीं मात्र तिकिटासाठीं रांगेंत उभा असलेला प्रत्येक जण ती जाणत असतो. भयाची ओळख झाली कीं त्याचें भयपण कमी होतें, आणि सलगी वाढते. नव्या जांवयाचा घरांत धाक असतो. तोच दहा वर्षांनीं थट्टेचा विषय होतो. तसेंच हें आहे.

अमेरिकेंत या सलगीचा इतिहास चांगला वाचतां येतो. एखादा खुनी, बहुधा मुखवटाधारी, धारदार शस्त्रानें एकेकाला गांठून मारतो, अशा चित्रपटांस तिकडे स्लॅशर म्हणतात. जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' १९७८ सालीं आला आणि या प्रकारास बहर आला. अशा चित्रपटाचा खुनी शेवटीं मरतो असें वाटतें, आणि पुढच्या भागांत परत येतो. पण प्रत्येक परतीबरोबर तो थोडा अधिक विनोदी होत जातो. १९८४ सालच्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधील फ्रेडी क्रूगर हा स्वप्नांत येऊन मारणारा क्रूर खुनी. पुढील भागांत तो वार करतां करतां कोट्या करूं लागला. 'फ्रायडे द थर्टींथ' या मालेच्या १९८६ सालच्या सहाव्या भागानें आपल्याच प्रकाराची थट्टा केली. त्याच वर्षीं टोबी हूपर यांनीं १९७४ सालच्या आपल्या 'टेक्सस चेन सॉ मॅसॅकर' या अंगावर कांटा आणणाऱ्या चित्रपटाचा दुसरा भाग केला, तोही उघड उघड विनोदाकडे झुकलेला.

तात्या विंचूचा वडील भाऊ चकी याच वाटेनें गेला. १९९१ पर्यंतच्या तीन चित्रपटांत तो मुख्यतः भयाचा धनी होता. १९९८ सालीं त्याला बाहुली बायको मिळाली आणि भयकथेचा फार्स झाला. २००४ सालीं अपत्यही आलें आणि फार्स आणखी वाढला. शेवटीं २०१३ सालीं 'कर्स ऑफ चकी'मध्यें त्याच्या कर्त्यांनीं त्याला पुन्हां अंधाऱ्या घरांत नेऊन ठेवलें. पंधरा वर्षांच्या हास्यानें भयाचें भांडवल खर्चीं पडलें होतें; तें पुन्हां उभें केल्यावांचून व्यापार पुढें चालणार नव्हता.

योगायोग असा, कीं त्याच २०१३ सालीं महाराष्ट्रांत तात्या विंचू परत आला, आणि तोही त्रिमितींत. परंतु मधल्या काळांत एक मोठी हानि झाली होती. १६ डिसेंबर २००४ रोजीं लक्ष्मीकांत बेर्डे यांचें निधन झालें होतें. बाहुला शिल्लक होता, त्याचा आवाज शिल्लक होता, रामदास पाध्ये यांचा हात शिल्लक होता. पण ज्याच्या थरथरण्यावर महाराष्ट्र हसला, तो मनुष्य उरला नव्हता. हास्याचा आश्रयच नाहींसा झाला होता. कथेनें त्यावर मार्ग काढला तो असा, कीं बाहुल्याला आतां लक्ष्याच्या मुलाचा देह हवा आहे. आदिनाथ कोठारे यांनीं हा मुलगा उभा केला, आणि विनोदाचा मोठा भार मकरंद अनासपुरे यांच्याकडे गेला.

या मांडणीचा गुण आणि दोष दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. गुण असा, कीं वारसा हें भयाचें जुनें आणि खरें साधन आहे. बापाचें ऋण मुलाच्या मानेवर बसतें, ही कल्पना मराठी घरांस समजावून सांगावी लागत नाहीं. दोष असा, कीं पहिल्या चित्रपटांत ज्याचा जीव धोक्यांत होता, त्याचेंच हसूं येत होतें. दुसऱ्यांत धोका एकाच्या वांट्यास आणि हास्य दुसऱ्याच्या वांट्यास आलें. तरुण, धीट, देखण्या नायकाच्या भीतीचें हसूं येत नाहीं, आणि विनोदी सोबत्याच्या जिवाची काळजी वाटत नाहीं. साहजिकच प्रेक्षकांचें प्रेम ज्याची ओळख जुनी त्या बाहुल्याकडे वळतें. खलनायक आवडूं लागणें ही त्याच्या कर्त्यांस मिळालेली पावती खरी; परंतु आवडत्या माणसाला कोण भितो?

मग उपाय काय? तो शोधण्यासाठीं पुन्हां शिमग्याच्या अंगणांत जावें लागतें. कारण वर्षानुवर्षें दुसरा भाग सादर करणारा कलावंत कोणी असेल, तर तो संकासुर. त्याचा मुखवटा तोच, घुंगरें तींच, कथा तीच. गुपित म्हणावें असें कांहीं उरलेलें नाहीं. मुखवट्यामागें वाडींतलाच कोणी आहे, हें मोठ्यांस ठाऊक असतें. तरीही तो दर वर्षीं भिववितो आणि दर वर्षीं हसवितो. याचें रहस्य त्याच्या सोंगांत शोधूं नये. तें त्याच्या प्रेक्षकांत आहे. अंगणांत दर वर्षीं नवीं मुलें असतात. चार वर्षांचें मूल पदराआड लपतें. आठ वर्षांचें तेंच मूल पुढें धांवतें, मागें पळतें, पुन्हां पुढें धांवतें. अठराव्या वर्षीं कदाचित् तोच मुखवटा त्याच्या हातीं येतो. नाट्यशास्त्रांत भयाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक खोटें, बतावणीचें भय आहे. आजोबा नातवासमोर घाबरल्याची बतावणी करतात, तेव्हां एकाचें खरें भय आणि दुसऱ्याचें लटकें भय शेजारीं शेजारीं बसलेलें असतें. हास्य जन्मतें तें त्या दोघांच्या मध्यें.

१९९३ सालीं जें मूल तात्या विंचूला भ्यालें, तें २०१३ सालीं आपलें मूल घेऊन चित्रपटगृहांत आलें. म्हणजे दुसऱ्या भागासमोर एक प्रेक्षकवर्ग नव्हता, दोन होते: ओळखीनें हसणारा बाप आणि प्रथमच भिणारें मूल. दुसऱ्या भागाचें कौशल्य या दोघांना एकाच वेळीं त्यांचा त्यांचा वांटा देण्यांत आहे. केवळ बापासाठीं चित्रपट काढला, तर तो जुन्या आठवणींचा मेळावा होतो. केवळ मुलासाठीं काढला, तर बापाला तीच गोष्ट पुन्हां ऐकावी लागते. संकासुर ही चूक करीत नाहीं. तो आज्याकडे पाहून कमरेचीं घुंगरें वाजवितो, आणि तसाच वळून नातवाच्या अंगावर धांवून जातो.

दुसराही एक मार्ग आहे, तो भयच बदलण्याचा. अमर कौशिक यांच्या २०१८ सालच्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटांत मध्यप्रदेशांतील चंदेरी गांवच्या पुरुषांना उचलून नेणारी एक हडळ होती. २०२४ सालच्या दुसऱ्या भागांत तिचें भय शिळें होणार हें ओळखून कर्त्यांनीं तिला गांवाची राखणदार केलें, आणि स्त्रियांना पळविणारा शिरकटा राक्षस नव्यानें आणला. ओळखीचें भूत घरचें झालें, अनोळखी भूत दारांत आलें. त्याच वर्षीं आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'नें कोकणच्या पार्श्वभूमीवर दुसरें एक सूत्र दाखविलें. लग्नाचा हट्ट धरून बसलेलें मेलेलें मूल ही कल्पना ऐकतांच हसूं येतें, आणि हट्ट थांबत नाहीं हें ध्यानांत येतांच भय वाटतें. येथेंही मूळ एकच आहे.

या साऱ्यांतून पडद्यावरील कारागिरीचे दोन-तीन नेमके धडे निघतात. थट्टा घावाच्या आधीं असावी किंवा नंतर. घावाच्या क्षणीं असूं नये. मांजर उडी मारतें, प्रेक्षक दचकतो, मग स्वतःस हसतो आणि सैल होतो. खरा घाव घालण्याची वेळ ती. येथें हास्य भयाची पूर्वतयारी करून देतें. दुसरें, भयंकर पात्रानें आपली थट्टा आपण करूं नये. तिसरें, ज्याचा जीव धोक्यांत आहे त्याच्यावर प्रेक्षकांचें प्रेम असावें. कारण परक्याच्या भीतीला हसणें हा उपहास होतो, आणि आपल्या माणसाच्या भीतीला हसतां हसतां डोळ्यांत पाणी येऊं शकतें. लक्ष्याच्या बाबतींत महाराष्ट्रानें हें अनुभवलें आहे.

करमणुकीच्या एका प्रकाराची इतकी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें, कीं भिणें हें मुलाच्या शिक्षणांतील एक आवश्यक पाऊल आहे, आणि तें आप्तांच्या सोबतीनें पडावें हें बरें. नुसतें भय मुलाला अंधारांत एकटें टाकतें. नुसती थट्टा त्याच्या भीतीचा अपमान करते. दोहोंचा तोल साधला, कीं आपल्याला भय वाटलें तें खरें होतें, आणि तरीही शेजारीं कोणी हसत होतें, एवढें मुलाच्या ध्यानांत राहतें. पुढें आयुष्यांत मुखवटा नसलेलीं संकटें समोर येतात. तेव्हां हें शेजारचें हसणें आठवतें, आणि पाय जाग्यावर टिकतात.